हवा कुणाची?



या आठवड्यात आपल्या फिडरची लाईट रात्रीची आहे. साडेदहाला येते, पहाटे साडेसहाला जाते. उन्हाळ कांद्याला चौथं पाणी चालू आहे. एक वाफा भरायला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बांधावर बसायचं, बॅटरी बंद करायची आणि मोबाईल बघायचा. दुसरं करणार काय? झोप लागली तर पाणी वाफ्याबाहेर जातं.

काल रात्री असाच बसलो होतो. एका चॅनलवर चर्चा चालू होती. सहा जण, सहा चौकटी, सगळे एकाच वेळी बोलत होते. वाफा भरला, दारं मोडून पुढच्याला लावलं, परत आलो, तरी ते तिथंच. कोण कुणाला काय म्हणाला, मग त्यावर तो काय म्हणाला. चार वाफे झाले, पण त्या चर्चेतून एवढंही कळलं नाही की भांडण कशावरून आहे.

त्यावरून परवाची गंमत आठवली. एका चॅनलची गाडी फाट्यावर आली होती. एक पोरगं उतरलं, माझ्या तोंडापुढं माईक धरला आणि विचारलं, "काका, हवा कुणाची?"

मी म्हणलं, "हवा ढगाळ आहे. दोन दिवस अशीच राहिली तर करपा येतोय."

पोरगं हसलं. म्हणालं, "तसं नाही काका, राजकारणात हवा कुणाची?" मी म्हणलं, "ते मला माहीत नाही. पण तू आलाच आहेस तर हे विचार, की एकरी खर्च किती आला, रोपं कितीला घेतली, लागवडीची मजुरी किती गेली." त्यानं माईक खाली घेतला आणि पलीकडच्या टपरीवर गेला. तिथं त्याला हवी तशी हवा सांगणारे चार जण मिळाले. रात्री तेच दाखवलं. 'ग्राउंड रिपोर्ट' म्हणून!

आता तुम्ही म्हणाल, आण्णा आज शेतीचं सोडून टीव्हीवर घसरले. तसं नाही. हे शेतीचंच आहे. बातमीमुळं माझा आणि माझ्यामुळं दुसऱ्याचा तोटा कसा झाला, ते मला बरेच दिवसांपासून लिहायचं होतं. या पेजवर मी औषधाचं प्रमाण चुकलं तर कबूल करतो, वाण फसला तर सांगतो. मग हेही सांगितलं पाहिजे.

गोष्ट फेब्रुवारी २०२४ ची. कांद्याची निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ पासून लागू होती, ३१ मार्चपर्यंत. डिसेंबरमध्ये भाव कसे कोसळले ते तुम्हाला सांगायला नको. माझा रांगडा कांदा काढणीला आला होता. रांगडा म्हणजे चाळीत ठेवायचा माल नव्हे. काढला, पात कापली, शेतात ढीग घालून वरून पातीनं झाकला, तर आठ-पंधरा दिवस दम धरतो. पुढं वजन घटतं आणि कोंब फुटतात.

रविवार, १८ फेब्रुवारी. संध्याकाळी मोबाईल वाजायला लागला. 'कांदा निर्यातबंदी उठली.' 'शेतकऱ्यांना मोठा दिलासा.' केंद्रातल्या मंत्र्यांच्या समितीनं ३ लाख टन निर्यातीला मंजुरी दिली, असं त्या बातम्यांत होतं. टीव्ही लावला तर लाल पट्टीवर तेच. पुढाऱ्यांचे आभाराचे बोर्डही तयार! एक चॅनल बघितलं, दुसरं बघितलं, सगळीकडं एकच. मग शंका कशाला घ्यायची?

मी लगेच या पेजवर टाकलं. माझे शब्द जसेच्या तसे सांगतो: 'निर्यातबंदी उठली! माल घाईत विकू नका. भाव वाढणार.' ती पोस्ट १४० जणांनी पुढं पाठवली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सोमवारी सकाळी शेजारच्या मळ्यातल्या काकू आल्या. काका गेल्यापासून त्या एकट्याच शेती बघतात, पोरगी सासरी. त्यांचा ११ क्विंटल माल पिकअपमध्ये भरायचा होता, गाडीवाला थांबलेला. म्हणाल्या, "पाठवू का रे आज?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हणलं, "काकू, दोन-चार दिवस थांबा. बंदी उठली आहे. अजून वर जाईल."

काकूंनी गाडी परत पाठवली. गाडीवाल्याला रिकाम्या फेरीचे पैसे द्यावे लागले, तेही त्यांनी दिले. माझ्या २६ क्विंटलची ट्रॉली मीही भरली नाही.

त्या सोमवारी लासलगावला सरासरी भाव १,८०० रुपये निघाला. शनिवारी तो १,२८० होता. एका सुट्टीच्या दिवसात क्विंटलमागं ५२० रुपयांची उडी! आमच्या वस्तीवरच्या एकानं ट्रॉली नेली होती, त्याला १,७९० मिळाले. मला फोन आला तेव्हा मी त्यालाच हसलो, "घाई केलीस गड्या."

मंगळवारी, २० तारखेला, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी सांगितलं, की बंदी उठलेली नाही. ३१ मार्चपर्यंत होती तशीच आहे.

झालं. भाव जसा चढला तसाच उतरला. गुरुवारी माझी ट्रॉली १,२६० ला गेली. १,७९० तून १,२६० गेले की राहिले ५३०. २६ क्विंटलचे झाले १३,७८० रुपये. काकूंचा माल त्याच दिवशी १,२०५ ला गेला. त्यांचा ११ क्विंटलचा फरक ६,४३५ रुपये, अधिक गाडीची रिकामी फेरी.

मी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेलो. काय बोलावं सुचेना. म्हणलं, "काकू, टीव्हीवाल्यांनी फसवलं बघा."

काकू शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टीव्हीनं मला नाही सांगितलं रे. तू सांगितलं."

एवढंच. त्या रागावल्या नाहीत, चहाही केला. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेलेलं नाही.

त्यानंतर मी त्या बातमीच्या मागं लागलो. माझ्याकडं काय, वेळ रात्रीचा भरपूर असतो. सगळ्या बातम्या परत काढून वाचल्या. तेव्हा ध्यानात आलं, की ती बातमी पूर्ण खोटी नव्हती, अर्धी होती. थोडी निर्यात द्यायचं वर ठरत होतं, हे खरं. त्याच गुरुवारी सरकारनं बांगलादेश, मॉरिशस, बहारीन आणि भूतान या चार देशांना मिळून ५४,७६० टन कांदा पाठवायला परवानगी दिली. पण मोजक्या देशांना ठरलेला कोटा देणं वेगळं आणि बंदी उठणं वेगळं. धरणाचं एक दार बोटभर उघडलं म्हणजे कॅनॉलला आवर्तन सुटलं असं होत नाही. आपण शेतकरी हा फरक पाण्यात बरोबर ओळखतो. बातमीत ओळखला नाही.

आणखी एक. त्या सगळ्या बातम्यांत 'अधिसूचना' हा शब्द कुठंच नव्हता. निर्यात चालू-बंद होते ती विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेनं. त्या कागदाला नंबर असतो, तारीख असते. तो कागद निघाला नाही तोवर पुढारी काहीही म्हणो आणि चॅनल काहीही म्हणो, बंदरावर कंटेनर हलत नाही. रविवारी संध्याकाळी असा कागद कुणीच दाखवला नव्हता. मीही मागितला नव्हता.

आमच्या तालुक्यात एक वार्ताहर आहे, ओळखीचा. त्याला विचारलं, असं कसं छापता? तो म्हणाला, "आण्णा, मला बातमीमागं किती मिळतात ते विचारू नका. मी जाहिराती आणतो तेव्हा माझं भागतं. कागद बघून मग बातमी द्यायची म्हणलं तर तोवर बाकीच्या पाच जणांनी दिलेली असते. वरून फोन येतो, आपली कुठं आहे?" मला त्याचंही पटलं. तो पोरगा रोज मोटारसायकलवर बाजार समितीत जातो, खरे भाव लिहून घेतो. त्याच्या चार ओळी आतल्या पानावर जातात आणि पुढाऱ्याचं वाक्य पहिल्या पानावर येतं. हे त्यानं ठरवलेलं नसतं.

तेव्हापासून मला बातमी वाचायची वेगळीच सवय लागली. त्यातली दोन-तीन उदाहरणं देतो, कारण ती पुढंही उपयोगी पडतील.

त्याच वर्षी मार्चमध्ये बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. लोकसभेची धामधूम चालू होती. २७ एप्रिलला बातमी आली: 'सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यातीला परवानगी.' परत दिलासा, परत आभार! मी यावेळी पोस्ट टाकली नाही. खताच्या बिलाच्या मागं बेरीज केली. बांगलादेशचे ५० हजार टन, अमिरातीचे वेगवेगळ्या वेळी मिळून ३४,४००, श्रीलंकेचे १० हजार, बहारीनचे ३ हजार, मॉरिशसचे १,२०० आणि भूतानचे साडेपाचशे. बेरीज बरोबर ९९,१५०. म्हणजे फेब्रुवारीपासून एकेक करून दिलेल्या जुन्याच परवानग्यांची ती गोळाबेरीज होती. नवं काहीच नव्हतं. आकडा खरा होता, सरकारी होता. पण 'परवानगी दिली' आणि 'आतापर्यंत दिलेल्या परवानग्यांची बेरीज एवढी होते' यातला फरक किती जणांनी सांगितला? बेरीज करायला मला पाच मिनिटं लागली. दहावी पास माणसाला जमलं, ते त्यांना जमलं नसतं का?

मग ४ मे २०२४. त्या दिवशी बंदी खरंच उठली, अधिसूचना निघाली. आमच्या भागातलं मतदान २० मेला होतं. परत पट्टी: 'शेतकऱ्यांमध्ये आनंदाचं वातावरण.' पण त्यासोबतच दोन अटी होत्या. टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क. त्यावेळी डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता. ५५० डॉलर म्हणजे किलोला साधारण ४५ रुपये ६५ पैसे. त्यावर ४० टक्के शुल्क म्हणजे आणखी १८ रुपये २५ पैसे. एकूण जवळजवळ ६४ रुपये किलो. त्याच्या खाली आपला कांदा परदेशात पोचतच नाही, जहाजाचं भाडं वेगळंच. पाकिस्तानचा कांदा त्याच गिऱ्हाइकापुढं उभा असतो. दार उघडलं, पण उंबरा छातीएवढा ठेवला. ते किमान मूल्य निघालं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं ते १३ सप्टेंबर २०२४ ला, आणि शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ पासून. म्हणजे 'बंदी उठली' या दोन शब्दांच्या आनंदापासून खरं मोकळं होईपर्यंत जवळजवळ अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत किती उन्हाळ कांदा चाळीत सडला असेल, त्याचा हिशोब कोण ठेवतो?

४ जूनला निकाल लागला आणि मग मात्र कांदाच कांदा! 'कांद्यानं केला वांदा', 'कांद्यानं रडवलं'. चार दिवस स्टुडिओत टेबलावर खरे कांदे ठेवून चर्चा झाल्या. पण प्रश्न कोणता? कुणाच्या किती जागा पडल्या. पाचव्या दिवशी कांदा टेबलावरून गेला. आमचा चाळीतच होता.

माझी तक्रार एका पक्षाबद्दल नाही, हे आधीच सांगतो, कॉमेंटमध्ये भांडू नका. ज्याचं सरकार असतं त्याला शहरातला भाव वाढलेला सोसत नाही, हे मी तीस वर्षं बघतोय. माझी तक्रार सांगणाऱ्यांबद्दल आहे. किलोचा भाव ६० झाला की कॅमेरा मंडईत जातो, एका ताईंना विचारतो, बजेट कोलमडलं का? ते विचारायलाच पाहिजे, त्याही माणूसच आहेत. पण क्विंटलचा भाव ६०० झाला की कॅमेरा येत नाही. मग कुणीतरी वैतागून रस्त्यावर ट्रॉली ओतली की येतो. म्हणजे बातमी होण्यासाठी आपण आपलाच माल मातीत घालायचा!

आणि भाव दाखवताना कुठला दाखवतात? कमाल. 'कांद्याला विक्रमी दर.' अहो, तो एका ट्रॉलीचा असतो, निवडलेल्या मालाचा. माझे वडील आकाशवाणीवर बाजारभाव ऐकायचे. ती बाई एका सुरात किमान, कमाल, सरासरी आणि आवक वाचायची. आरडाओरडा नाही, मागं ढोल-ताशे नाहीत. वडील सरासरीवर बोट ठेवायचे आणि आवक बघून ठरवायचे. ते कमी शिकलेले होते, पण माझ्यासारखे फसले नाहीत.

२०२२ चा पाऊसकाळही आठवा. जूनमध्ये आमदार सुरत, तिथून गुवाहाटी. त्या हॉटेलात नाश्त्याला काय आहे तेही आपल्याला पाठ झालं होतं. ३० जूनला नवं सरकार आलं आणि ९ ऑगस्टपर्यंत मंत्रिमंडळात दोनच जण होते. चाळीस दिवस राज्याला स्वतंत्र कृषिमंत्री नव्हता, तेही ऐन खरिपात. जुलैत गोदावरीला पूर आला, विदर्भ-मराठवाड्यात पेरण्या वाहून गेल्या, दुबार पेरणीची वेळ आली. सत्तांतर मोठी बातमी होती, मान्य. पण 'मंत्री कोण होणार' हे रोज विचारणाऱ्यांनी 'मंत्री नाही तर पंचनाम्याचा निर्णय कोण घेणार' हे रोज विचारलं असतं, तर तेच राजकारण आपल्या कामाचं झालं असतं. कोण गेला, कोण आला, कोण रुसला हे सांगतात. त्यामुळं आपल्या बांधावर काय बदलणार, ते सांगत नाहीत.

पण मंडळी, शिव्या देऊन मोकळं होता येत नाही, कारण काकूंचं वाक्य आहे. त्या रविवारी चॅनलनं जे केलं तेच मी केलं. कागद बघितला नाही, पहिला होण्याची घाई केली, आणि 'भाव वाढणार' असं छातीठोक लिहिलं. त्यांना जाहिराती मिळतात, मला अंगठे मिळाले. फरक एवढाच, की त्यांच्या चुकीचा चेहरा कुणी बघत नाही. माझ्या चुकीचा चेहरा रोज सकाळी शेजारच्या मळ्यात दिसतो.

म्हणून या पेजपुरते मी काही नियम केले आहेत. धोरणाची बातमी असेल तर अधिसूचनेचा नंबर आणि तारीख बघितल्याशिवाय टाकणार नाही. 'सूत्रांची माहिती' असेल तर तसंच लिहीन, आणि त्यावर माल विकायचा की ठेवायचा हे सांगणार नाही. भाव टाकताना सरासरी आणि आवक दोन्ही टाकीन, नुसता कमाल नाही. 'दिलासा' शब्द दिसला की खालच्या अटी आधी वाचीन. आणि चुकलो तर जुनी पोस्ट गुपचूप काढून टाकणार नाही, तिच्याच खाली दुरुस्ती लिहीन. ती १८ फेब्रुवारीची पोस्ट अजून पेजवर आहे, बघा. त्या १४० जणांपैकी कुणी माझ्या सांगण्यावरून माल थांबवला असेल, तर त्यांचीही माफी मागतो. हे मी तेव्हाच लिहायला पाहिजे होतं.

मागच्या आठवड्यात काकू परत आल्या होत्या. त्यांचा लाल कांदा संपत आलाय, शेवटचे सात-आठ क्विंटल राहिलेत. त्यांच्या हातात मोबाईल, त्यावर कुणीतरी पाठवलेली बातमी: कांदा भडकणार. विचारलं, "हे खरंय का रे?"

मी बातमी उघडली. तारीख बघितली. गेल्या वर्षीची होती.

म्हणलं, "काकू, ही जुनी आहे. कालची सरासरी आणि आवक सांगतो, माल किती दिवस टिकेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ठरवा तुम्ही."

काकूंनी दोन्ही आकडे ऐकले, पुटपुटत बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "उद्या पाठवते." गेला माल. बरा भाव मिळाला, फार नाही, पण गाडी रिकामी परत गेली नाही.

चला, साडेतीन वाजले. वाफा भरत आलाय. हवा ढगाळ आहे, आणि हे मात्र मी स्वतः वर बघून सांगतोय. कांद्याच्या पातीवर जांभळट डाग दिसतायत का ते सकाळी उन्हं वर यायच्या आत बघा. दिसले तरच फवारा, उगाच शेजाऱ्यानं मारलं म्हणून मारू नका. तुमच्याकडं सध्या सरासरी किती निघतेय आणि आवक कशी आहे, ते तारखेसह खाली लिहा.